सुमन, पिळणीचा स्क्रू तूच ढिला करत होती

सुमन,

तू मले अकरा वर्षं येडा बनवलं. हे आधी सांगून टाकतो, मग बाकीचं. लोक म्हणतात गेलेल्या माणसाशी रागानं बोलू नये. पण मी तुझ्याशी चाळीस वर्षं रागानंच बोललो. आता एकदम गोड बोललो तर तुले वाटेल दुसरंच कोणी बोलून राहिलं.

विहारातल्या बाया म्हणाल्या, दादा, वहिनीसाठी दोन शब्द लिहून द्या, मंडळाच्या वहीत चिकटवू. मी सातवी नापास माणूस. सारी जिंदगी रोलिंग मिलमध्ये नट आवळायचे पाने फिरवले, पेन फक्त हजेरीच्या सहीपुरता धरला. अमोल म्हणाला, "पापा, आप बोलो, मैं टाइप कर देता हूँ।" मी म्हटलं, तू हिंदीत करशील, आणि तुझी आई मराठीत भांडत होती. म्हणून मीच लिहून राहिलो. वाचणाऱ्यांनी चुका सांभाळून घ्याव्या. तू नको घेऊ. तू कधीच घेतल्या नाही.

ज्यांनी ते मशीन पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. शहरातल्या बूढ़ापाऱ्यात एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईकडे मी पंप दुरुस्त करायले गेलो होतो. मागच्या अंगणात चार पायांवर एक पांढरा गोल पिंप उभा होता, आत माती भरून कोणी मनीप्लांट लावलेला. वरती दोन रबरी रोलर, एकावर एक, उसाच्या चरख्यासारखे. बाजूले फिरवायचा दांडा. ही कपडे पिळायची पिळणी. बाई म्हणाली, माझ्या सासूचं कपडे धुवायचं मशीन आहे, बाहेरदेशातून आलेलं, नेता का? मी मनीप्लांट कुंडीत लावून दिला आणि मशीन रिक्षात घालून बीरगांवले घरी आणलं.

तू दारातच उभी. "हे काय आणलं?"

"कपडे धुवायचं मशीन."

"चालते?"

"चालंन."

"कधी?"

त्या 'कधी'ले आठ महिने लागले. मोटर नवीन भरून घेतली. आतल्या पंख्याचा बुश गेलेला होता, तो मिलमध्ये सुट्टीच्या वेळात पितळेचा करून घेतला. बेल्ट आट्याच्या चक्कीचा लावला. रोलरचं रबर तडकलेलं होतं, ते छापखान्याचे रोलर भरणाऱ्या कारागिराकडून चढवून घेतलं. तो म्हणे, असले रोलर मी आजपर्यंत पाहिले नाही, याच्यावर काय छापता? मी म्हटलं, बायकोच्या साड्या. पहिल्यांदा सुरू केलं तर मशीन जागेवर थांबेना. थरथर करत अंगणभर चालत निघालं आणि तू हातातली बादली टाकून ओरडली, "अवो धरा, धरा, ते तर गोल बाजारात चाललं!" शेजारच्या बाया भिंतीवरून पाहून हसत होत्या. मी चारही पायांखाली टायरचे तुकडे ठोकले, तेव्हा उभं राहिलं.

मग ते असं चाललं का विचारू नको. घरात टीव्ही होता, पण रविवारी सकाळी तू आणि मी चहा घेऊन अंगणात मशीनसमोर बसत होतो. आत पाणी इकडून तिकडे, धपक-धपक. तू म्हणत होती, झोप येते याच्या आवाजानं. मी म्हणत होतो, तुले तर कशानंही येते. त्यानंतर मी पितळेची कोळशाची इस्त्री आणली, तिच्या झाकणाच्या खिट्टीवरचा कोंबडा तुटलेला होता, तो बसवला. मग कोणी फेकलेलं दोन टबाचं जुनं मशीन आणलं, सुट्या भागांसाठी. तू म्हणाली, आता माणसांनी कुठं राहावं तेवढं सांगा. पण त्या इस्त्रीवर फडकं मारताना मी तुले पाहिलं आहे. माझ्यापेक्षा जास्त वेळ मारत होती.

ते मशीन कामाले लागलं ते मंडळाच्या साड्यांमुळे. तुम्ही बारा बाया. बाराही जणींच्या साड्या गोल बाजारात एकाच दुकानातून घेतलेल्या, पांढऱ्या, बिनकाठाच्या. पौर्णिमेले, कोणाच्या कार्यक्रमाले, त्याच नेसायच्या. आणि तुमचा नियम होता, साड्या घरोघरी धुवायच्या नाही. सगळ्या एका ठिकाणी, एकाच निळीच्या पाण्यात. मी एकदा विचारलं, हे काय नवीन? तू म्हणाली, "घरोघरी धुतल्या तर एकीची दुधासारखी दिसते न एकीची ताकासारखी. मग बाया वंदना सोडून एकमेकींच्या साड्या पाहतात." कोपऱ्यात प्रत्येकीचा वेगळ्या रंगाचा धागा, ओळखायले. मशीन आलं तसं बारा साड्यांचं गाठोडं आपल्याच घरी येऊ लागलं.

आता स्क्रूचं.

पिळणीच्या वर एक स्क्रू आहे. तो आवळला का वरचा रोलर खालच्यावर दाबून बसते. जितका आवळाल तितकं पाणी निघते. यात काही विचार करायचा नाही. मी तो आवळून ठेवत होतो. पुढच्या वेळी पाहावं तर ढिला. पुन्हा आवळला, पुन्हा ढिला. मी तुले सांगितलं, व्हायब्रेशननं सुटते. मिलमध्ये मी तेच पाहिलं, थरथरणाऱ्या मशीनवर कोणताच नट टिकत नाही. तू म्हणाली, "असंन."

मी स्प्रिंग वॉशर टाकलं. ढिला. वर चेकनट लावला, म्हणजे नटावर नट, एक दुसऱ्याले सुटू देत नाही. ढिला. मी मिलमधल्या पोरांले विचारलं, ते म्हणाले, काका, मशीन परदेशी आहे, त्याचे आटे वेगळे असतील. मी आटे तपासले. आटे बरोबर. मग भोक पाडून आरपार पिन घातली. महिनाभर ठीक, मग एक दिवस पिन खाली नालीपाशी पडलेली. मी ती उचलून तुले दाखवली. "पाय, लोखंडाची पिन बाहेर काढली त्या व्हायब्रेशननं. केवढी ताकद असंन." तू पिनेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन कांदा चिरायले बसली.

मले आता आठवते, तुझे खांदे हलत होते आणि तू डोळे पुसत होती. मी समजलो कांद्यानं.

तू जायच्या तीन आठवडे आधी मी वैतागून वेल्डिंगवाल्याले घरी आणलं. त्यानं स्क्रूले दोन टाके मारले. बस. मी तुले बोलावलं, म्हटलं, आता बापजन्मात सुटणार नाही. तू हात लावून पाहिला. एकदा इकडे फिरवून पाहिलं, एकदा तिकडे. मग म्हणाली, "पक्का बसला."

"बसला ना?"

"बसला."

भांडली नाही, हसली नाही. मी त्या दिवशी खुशीत दुप्पट जेवलो.

त्यानंतर पांढऱ्या साड्यांचं गाठोडं आलं आणि कोपऱ्यात पडून राहिलं. एक आठवडा, दोन आठवडे. तू चादरी धूत होती मशीनवर, माझे पायजामे धूत होती, गाठोड्याले हात नाही. तुझं मनगट मागच्या वर्षीपासून दुखत होतं, हातानं बारा साड्या पिळणं तुझ्यानं होत नव्हतं, हे मले माहीत होतं. पण मशीन आहे ना! मी म्हटलं, "मशीन चकाचक करून दिलं तर आता तू आळशी झाली."

तू म्हणाली, "हो, झाली."

आपलं शेवटचं भांडण हेच. त्याच्यानंतर चौथ्या दिवशी चहा ठेवता ठेवता तू खाली बसली, आणि दुपारपर्यंत नव्हती. डॉक्टर काय म्हणाला, कुठं नेलं, ते मी इथं लिहीत नाही, सगळ्यांले माहीत आहे. मले फक्त हे माहीत आहे का तुले शेवटची पदवी मी आळशी ही दिली.

पाचव्या दिवशी शेवंताबाई आली. ती तुझी मंडळातली जोडीदारीण, मशीनचा दांडा नेहमी तीच फिरवत होती. दारात उभी राहून पदराचं टोक पिळत होती.

"दादा, कसं म्हणू समजून नाई राहिलं."

"म्हण ना."

"रविवारी वहिनीचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम हाय. आमाले साड्या नेसा लागतीन."

"मंग नेसा."

"त्या तुमच्याच घरी हायेत. मळक्या."

तुझ्याच कार्यक्रमाच्या साड्या, तुझ्याच घरात, न धुतलेल्या. मी गाठोड्याकडे पाहिलं. अमोल आतून म्हणाला, "पापा, लॉन्ड्री में दे देते हैं, शाम तक मिल जाएगा।" मी म्हटलं, नाही. तिनं एकही वेळा बाहेर दिल्या नाही. मी धुतो. शेवंताबाईनं अमोलकडे पाहिलं, अमोलनं शेवंताबाईकडे. दोघांचंही तोंड असं, जसं मी म्हटलं का विमान चालवतो.

शुक्रवारी सकाळी मी मशीन भरलं. धुण्यात काही अडचण नाही, धुणं मशीन करते. मग नीळ. किती टाकायची? तू कधी मोजली नाही, हाताच्या अंदाजानं टाकत होती, आणि तुझा हात आता कुठून आणू? मी टाकली आपली. पहिली साडी पिळणीत घातली आणि दांडा फिरवला. साडी पापडासारखी चपटी होऊन बाहेर आली. मी खूश. दुसरी घालायच्या आधी पहिली उलगडली, तर घडीघडीत निळ्या रेघा, जशी शाळेची वही. पुन्हा बुडवली, पुन्हा पिळली. यावेळी टोक रोलरले गुंडाळलं गेलं. मी ओढलं. स्क्रू ढिला करावा तर तो जागचा हलते का! मीच पक्का केलेला. मी जोर लावला आणि साडी पदरापाशी फाटली, हातभर. आवाज असा आला, मी तिथंच नळापाशी खाली बसलो.

शेवंताबाई तेवढ्यात आली. "अवो दादा, हे काय केलं?"

"कोणाची आहे पाय."

तिनं कोपरा शोधला. लाल धागा. "वहिनीचीच हाय." मग श्वास सोडून म्हणाली, "बरं झालं बाप्पा, दुसऱ्या कोणाची नाई."

मले एवढा राग आला, पण बरोबरच होतं तिचं. तुझी साडी आता कोण नेसणार.

तिनं पिळणीवर हात ठेवला. "पण स्क्रू एवढा टाइट काहून हाय?"

"टाइटच पाहिजे तो."

"वहिनी तर साड्या टाकाच्या आधी ढिला करत होती."

"कोण ढिला करत होती?"

"वहिनी. अजून कोण?"

"कधीपासून?"

"मशीन आलं तवापासून." मग तिनं तोंडावर पदर घेतला. "तुमाले नाई माहीत?"

नाही माहीत! मंडळाच्या अकराही बायांले माहीत. शेजारणीले माहीत. तुझ्या सुनेले माहीत, ती आतून म्हणाली, "मम्मी तो चेकनट भी खोलती थी, आपका ही पाना लेकर।" पिन कोणी काढली? तू. पक्कड कोणती घेतली? माझी. आणि मी नालीपाशी उभा राहून तुले व्हायब्रेशनची ताकद समजावून सांगत होतो.

मी शेवंताबाईले विचारलं, पण काहून? ती म्हणाली, नीळ लावलेली साडी कोरडीठाक पिळायची नसते. थोडं पाणी कापडात राहिलं पाहिजे. दोरीवर टाकली का ते पाणी हळूहळू उतरते आणि नीळ सगळीकडे सारखी बसते. करकचून पिळली का नीळ घडीतच अडकते, रेघा पडतात. चादरी किती बी पिळा, पांढऱ्या साडीले हात हलका पाहिजे.

"मंग तिनं मले सांगितलं काहून नाही?"

"आमी पण म्हटलं, वहिनी, सांगून टाक. तर म्हणे, त्यायनं आठ महिने जीव लावला. आता कुठं सांगू का तुमचाच स्क्रू चुकला. ते आवळतात, मी ढिला करते, दोघांचं बी चालून राहिलं."

सुमन, हे तू अकरा बायांले सांगितलं. मले नाही. अकरा वर्षं तुम्ही साऱ्या अंगणात बसून मले पाना घेऊन येताना पाहत होत्या. मी म्हातारा फिटर, मिलमध्ये सुपरवायझर माझा सल्ला घेत होता, आणि घरात मी तमाशा. मले वाटलं, तू समोर असती तर मशीनसकट घराबाहेर काढलं असतं.

मग मी हॅकसॉ घेतली. अमोल म्हणाला, "पापा, ग्राइंडर ले आता हूँ, दो मिनट का काम है।" मी म्हटलं, नाही, हातानंच कापतो. वेल्डिंगचे दोन टाके कापायले दुपार गेली. दोन पाती तुटली. मान दुखली, बोट कापलं. कापता कापता मले एक जुनी गोष्ट आठवली आणि माझा हात थांबला.

मशीन आलं त्याच वर्षी तू एकदा म्हणाली होती, "थोडं ढिलं राहू द्या ना, कापडाचा जीव जाते." आणि मी काय म्हटलं? मी हसलो. म्हटलं, कापडाले कुठं जीव असते, तू आपली भाजी पाय. म्हणजे तू सांगितलं होतं. एकदा. मी ऐकलं नाही, तर तू दुसऱ्यांदा सांगायच्या भानगडीत पडली नाही, पाना उचलला. यावरही मले राग आहे. माणूस एकदा नाही ऐकत. दोनदा सांगावं, चारदा सांगावं, डोक्यात तवा घालावा. आणि टाके मारले त्या दिवशी तरी तोंड उघडायचं. "पक्का बसला" म्हणून कोणी गप्प राहते का? तुझं मनगट दुखून राहिलं, गाठोडं पडून राहिलं, बाया विचारून राहिल्या, आणि तू माझ्या दोन टाक्यांचा मान ठेवून आळशी म्हणवून घेतलं. असा मान मले नको होता.

टाके सुटले. स्क्रू फिरला. आता किती ढिला ठेवायचा? शेवंताबाईले विचारलं तर म्हणे, वहिनी फेरे मोजत नव्हती, पाण्याकडे पाहत होती. पाणी धारेनं नाही पडलं पाहिजे, थेंबाथेंबानंही नाही. मधलं. मी जुनी चादर घेतली, थोडा ढिला, पाहिलं. अजून थोडा, पाहिलं. शेवंताबाई म्हणाली, "हव, असंच." मग ती दांड्यावर, मी साडी घालायले. आमचं काही जमत नव्हतं. ती म्हणे, "दादा, बोटं मागं घ्या, रविवारी दोन कार्यक्रम करा लागतीन." मी म्हटलं, तू हळू फिरव, हे रसवंती नाही. अकरा साड्या झाल्या. रेघ एकीवरही नाही.

पण नीळ जास्त झाली, सुमन. दोरीवर वाळल्या तेव्हा समजलं. अकराही साड्या फिक्या निळ्या. सगळ्या एकसारख्या, तेवढा तुमचा नियम पाळला गेला. पुन्हा धुवायले वेळ नव्हता.

रविवारी विहारात अकरा बाया ओळीनं बसल्या आणि पांढऱ्या भिंतीपुढे त्यांचा रंग असा उठून दिसला का भंतेजींनी वंदना सुरू करायच्या आधी एकदा चष्मा पुसला. मागून कोणी तरी म्हणालं, मंडळानं ड्रेस बदलला का? शेवंताबाई मान खाली घालून हसून राहिली होती आणि रडूनही राहिली होती, दोन्ही एकाच वेळी. एकीनंही दुसरी साडी नेसली नाही. मी शनिवारीच म्हटलं होतं, ज्यांच्याजवळ दुसरी पांढरी असंन त्यांनी ती नेसावी. कोणी ऐकलं नाही. तुझ्याच शिकवणीतल्या आहेत.

तुझी फाटलेली साडी मी शिवून घेतली नाही. धुतली, घडी केली, कपाटात ठेवली. ती माझ्या हातानं फाटली, तशीच राहील.

आता शेवटचं, आणि हे लिहिण्यासाठीच मी पेन धरला. मंगळवारी मी स्क्रू बायांच्या साड्यांपुरता लावला आणि स्क्रूवर आणि खालच्या पट्टीवर मिळून पेंटची एक बारीक रेघ ओढली. मिलमध्ये असंच करतो, नट हलला का रेघ तुटते. सगळ्यांले सांगितलं, कोणी हात लावायचा नाही. सून, अमोल, शेवंताबाई, कोणीच नाही. चेकनट नाही, पिन नाही, काही नाही. मग मशीन चालवलं. घरातल्या चादरी, पडदे, माझे पायजामे, जे सापडलं ते. सात धुणी केली. सून म्हणाली, "पापा, धुले हुए कपड़े फिर धो रहे हो।" मी म्हटलं, धुऊ दे.

आज सकाळी चष्मा लावून पाहिलं. रेघ तुटली आहे. अमोलले बोलावलं. तो वाकून म्हणाला, "पापा, ये तो बाल बराबर है।" मी पट्टी लावून मोजलं. अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा हिस्सा.

कोणी हात लावला नव्हता, सुमन. तू पण नाही. तरी सरकला, व्हायब्रेशननंच. अर्धा सूत तर अर्धा सूत, तेवढा माझा होता. तेवढं तरी मान.